मालकाचं नाव

जनावरांच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं नोकरी केली. हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा, पण गावात सगळे 'डॉक्टर'च म्हणायचे, अजूनही म्हणतात. या बत्तीस वर्षांत जेवढ्या नोंदवह्या भरल्या त्यांत पहिला रकाना तारखेचा आणि दुसरा मालकाच्या नावाचा. जनावराचा नंबर त्याच्यानंतर. यात काही वावगं होतं असं मला वाटत नाही. बैलाचा पाय मोडला तर मोडतं ते मालकाचं वर्ष. म्हैस आटली तर पोरीच्या शाळेची फी आटते. त्यामुळं आम्ही एका डोळ्यानं जनावर बघायचो आणि दुसऱ्या डोळ्यानं माणूस. हिच्यावर किती खर्च करायचा, वाचली तर दावणीला उभी राहील का, का बाजार दाखवावा लागंल, हे सगळं इंजेक्शन भरता भरता डोक्यात चाललेलं असायचं.

निवृत्तीनंतर घरामागच्या पत्र्याच्या शेडात जे रोगी यायला लागले त्यांचा दुसरा रकाना कोरा. घुबडाला मालक नाही. घोरपडीला नाही. विहिरीत पडलेल्या कोल्ह्याच्या मागं रडत कुणी येत नाही. बरा झाला म्हणून कुणाचं वर्ष सुधारत नाही, मेला म्हणून कुणाचं बुडत नाही. मग हा उपचार कुणासाठी? या प्रश्नाचं सरळ उत्तर मला दहा वर्षांत सापडलेलं नाही. पण त्याच्या भोवतीनं जे काही बघितलं, ते सांगण्यासारखं आहे.

आधी गाव सांगतो. तेरखेडा वाशी तालुक्यातलं, बालाघाटाच्या माथ्यावरचं, सोलापूर-धुळे महामार्गाला लागून असलेलं. तेरणा नदी आमच्याच भागात उगवते. पण बाहेरच्या माणसाला तेरखेडा म्हटलं की फटाकेच आठवतात. महामार्गानं जाताना दुकानं दिसतात, दिवाळीच्या महिनाभर आधी गाड्यांची रांग लागते. दक्षिणेला येरमाळ्याची येडाई, तिच्या पुढं येडशीचा रामलिंग घाट. तिथं अभयारण्य आहे, फार मोठं नाही, पण झाडी आहे, मोर आहेत. २०२४ च्या डिसेंबरात तिथं थेट यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ चालत आला आणि सगळा जिल्हा मोबाईलवर त्याचे फोटो बघत बसला. बाकी आमचा मुलूख म्हणजे माळ, बांध, बाभळी, आणि कठडा नसलेल्या विहिरी. या विहिरींत जेवढे जीव जातात तेवढे महामार्गावरही जात नसतील. रात्री कोल्हा निघतो, खोकड निघतं, उदमांजर निघतं. पाणी दिसतं, काठ दिसत नाही.

शेड म्हणजे काय, तर दहा बाय बारा. एका बाजूला हिरवी जाळी, एका कोपऱ्यात अंधार राहील असा पोत्याचा पडदा. रानातल्या जनावराला औषधाआधी अंधार लागतो. माणूस दिसला नाही, आवाज आला नाही, की निम्मा आजार उतरतो. हे कळायला मला पुस्तक लागलं नाही, गाभण गाय पुरे झाली.

कायदा मला पाठ आहे, नोकरीच तशी होती. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणं पकडलेला, पाळलेला किंवा मेलेला सापडलेला वन्य प्राणी ही सरकारी मालमत्ता. ती हाती आली तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात नाहीतर वन अधिकाऱ्याला कळवायचं. मी त्याच दिवशी १९२६ ला फोन लावतो, पंचनामा होतो, आणि वनरक्षक येऊन घेऊन जाईपर्यंत, किंवा ते लेखी सांगतील तेवढे दिवस, पाहुणा माझ्याकडं. त्याहून एक दिवस जास्त नाही. 'डॉक्टरनं घरी प्राणी पाळलेत' असं कुणी म्हणालं की मी लगेच दुरुस्त करतो. पाळलेलं काही नाही. वस्तीला आलेत.

तरी त्या कलमाची मला गंमत वाटते. मोकळं फिरणारं काळवीट कुणाचंच नाही. त्याचा पाय मोडला, तुम्ही उचललं, की त्या घटकेपासून ते सरकारचं. म्हणजे मालकी ही काळविटाच्या अंगाला चिकटलेली नाही, माणसाच्या हाताला चिकटलेली आहे. हात लागला की मालक तयार.

म्हणूनच असंल, माझं निम्मं काम जनावराला हात लावू नका हे सांगण्याचं आहे. एका जुलैत दोन पोरं मोटारसायकलवरून पाडस घेऊन आली. शर्टात गुंडाळलेलं, ओलं, डोळे एवढे मोठे. "डॉक्टर, अनाथ हाय ओ, माय सोडून गेली. बांधाच्या गवतात एकलंच पडल्तं." पोरांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हतं. पण काळविटाची मादी पहिले काही दिवस पिलाला गवतात निजवून लांब चरायला जाते. जवळ थांबली तर कुत्र्याला, कोल्ह्याला ठिकाण कळतं. म्हणून ती लांब जाते. पाडस हालत नाही, आवाज करत नाही. हे सोडून जाणं नव्हे, हे सांभाळणं. मी पाडसाला अंगणातसुद्धा उतरवलं नाही. पोरांच्या मागं बसलो, तसंच त्याच बांधावर परत. गवतात ठेवलं, आणि आम्ही तिघं लांब लिंबाखाली बसून राहिलो. दिवस कलला तशी मादी आली. चार पावलं टाकायची, थांबायची. मग गवतात तोंड घातलं. त्यातलं एक पोरगं हळूच म्हणालं, "म्हणजे आमी चोरून आणलं व्हय हे?" मी म्हणालो, "लवकर परत आणलंव, ते बघ."

ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या माणसांना हे जास्त माहीत आहे. बीडची, वाशी-भूमची बिऱ्हाडं दरसाल पश्चिम महाराष्ट्रात जातात. तिकडं जुन्नरच्या बाजूला फडात कोयता चालवताना बिबट्याची पिल्लं सापडतात, आणि सापडतात ती बहुतेक आमच्याच माणसांना. पूर्वी पिल्लं उचलून नेली जायची आणि पिंजऱ्यात वाढायची. आता माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची माणसं आणि वनखातं पिल्लं तपासतात, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घालतात आणि अंधार पडायच्या आत त्याच फडात ठेवतात. रात्री आई येते, क्रेट पाडते, पिल्लू तोंडात धरून जाते. आमच्या गल्लीतली एक बाई सांगत होती, "दोन दिस फड बंद ठिवला. मुकादम वरडायला लागला. पन मी म्हणलं, माझं लेकरू बी पाचटावर निजलंय, तिचं बी तितंच निजलंय." तोडीचे दोन दिवस बुडाले म्हणजे उचलीतले दोन दिवस फिटायचे राहिले. आपली भूतदया घरी बसून, चहा पिता पिता चालते. तिची कोयत्याच्या भावानं मोजली जाते.

आता अवघड गोष्टीकडं येतो.

माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. गळ्यात माळ, आषाढी-कार्तिकी, घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. आणि शेडात गव्हाणी घुबड. घुबडाला भाकरी चालत नाही. पहिलं घुबड आलं तेव्हा अपशकुनाची चर्चा गल्लीत झाली. आईनं ती एका वाक्यात मिटवली, की लक्ष्मीचं वाहन आहे, येऊ द्या. पण खाण्याचं कळल्यावर ती शेडाच्या दारात येऊन उभी राहिली.

"म्हणजे याला जगवायला तू रोज दोन उंदरं देणार?"

"दोन, कधी तीन."

"आन् उंदराला जीव नाही का बाबा?"

मी दवाखान्यातलं उत्तर दिलं. घुबड मांसाहारी, निसर्गानं तसंच केलंय, रानात असतं तरी उंदीरच खाल्ला असता. आई म्हणाली, "रानात खाल्ला असता तर त्यानं मारला असता. इथं तू मारणार." मग तिनं शिबी राजाची गोष्ट काढली. कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडलं, मागं ससाणा. ससाणा म्हणतो, राजा, तू त्याला अभय दिलंस, पण माझ्या तोंडचा घास काढलास, आता मी उपाशी मरू का? राजानं मांडीचं मांस कापून तराजूत घातलं. पुरेना तेव्हा स्वतःच पारड्यात बसला. शेवटी कळतं की ससाणा इंद्र होता आणि कबुतर अग्नी, आणि सगळं गोड होतं.

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण शेडाच्या दारात ती पहिल्यांदा नीट ऐकू आली. लोक तिला दयेची गोष्ट म्हणतात. मला ती हिशेबाची वाटते. दया करणाऱ्याला बिल येतं, आणि राजाची थोरवी अशी की त्यानं ते दुसऱ्याच्या नावावर टाकलं नाही. मी मात्र टाकतो. माझ्या दयेचं बिल उंदीर भरतो. इंद्र काही आमच्या शेडात प्रकट होत नाही. सकाळी खाली ओकलेली करडी गोळी पडलेली असते, तिच्यात केस आणि बारीक हाडं.

रानातला उंदीर पळू शकतो, शेडातला नाही, हा फरक मी पुसू शकत नाही. एवढंच करता येतं, की उंदीर आडत दुकानातल्या आणि धान्याच्या कोठ्यांतल्या पिंजऱ्यांतलेच आणायचे, जे तसेही पाण्यात बुडवले जाणार होते, आणि शेडात जिवंत सोडायचे नाहीत. विषाची गोळी घातलेल्या ठिकाणचा एकही नको, नाहीतर उंदरातलं विष घुबडाला लागतं. आईनं स्वतःचे नियम घातले: शेडाचं भांडं वेगळं, नळ वेगळा, आणि हात धुतल्याशिवाय देवघरापुढून जायचं नाही. आणि वर एक बोलली, "कर तू. पन पुण्य करायलोय आसं कुनाला सांगू नको." हे मी पाळतो. शाळेत बोलावतात, सत्कार करतो म्हणतात, तेव्हा पुण्य, सेवा, मुक्या जिवांचा देवदूत असले शब्द आले की मी खाली बघतो.

उंदराचा वाद घरातला होता. तात्यांचा वाद बांधावरचा.

तात्यांचं रान माझ्या रानाला लागून. चार एकर, खरिपात सोयाबीन, रब्बीला हरभरा. माळाच्या बाजूनं काळविटांचा कळप येतो. वीस असतात, कधी तीस. सोयाबीन टोकून वर आलं, दोन-तीन पानांवर आलं, की कळप एका रात्रीत ओळीच्या ओळी शेंड्यांवरून कापल्यासारख्या करतो. मग दुबार पेरणी. दुबारीचं बियाणं, दुबारीचं खत, आणि पाऊस दुबार येत नाही. नुकसानभरपाईची योजना आहे, नाही असं नाही. पण अर्ज, पंचनामा, फोटो. आणि जे उगवलंच नाही त्याचा फोटो कसा काढायचा? ज्याचं रान माळाला लागून नाही त्यानं काळविटाच्या डोळ्यांवर बोलू नये, असं मला मनापासून वाटतं.

अशा एका वर्षी महामार्गावर गाडीखाली मादी मेली आणि तिचं पाडस खरंच अनाथ झालं. जेमतेम आठवड्याचं. वनरक्षकानं पंचनामा केला, कागद दिला, सोय होईपर्यंत तुमच्याकडं ठेवा म्हणाला. गावातल्या पोरांनी बघायला गर्दी केली, मी सगळ्यांना हाकललं. काळवीट भीतीनं मरतं, हे शब्दशः खरं आहे. कुत्र्यांनी नाहीतर माणसांनी खूप पळवलेलं काळवीट जखम नसतानाही दोन-चार दिवसांनी मरतं. पळून पळून आणि भिऊन स्नायू आतून मोडतात, लघवी काळपट होते, मग मूत्रपिंडं बंद पडतात. तेव्हा कोणतं सलाईन लावून उपयोग नसतो. असली दोन मी बघितलीत, लोकांनी 'वाचवायला' म्हणून पाठलाग करून पकडलेली.

दूध शेळीचं लागायचं. गावात तेव्हा नुकतीच व्यालेली शेळी एकच, तात्यांची. काकूंनी पहिल्या दिवशी तांब्या भरून दिला. दुसऱ्या दिवशी तांब्याबरोबर तात्या स्वतः आले. जाळीतून बराच वेळ बघत राहिले.

"डॉक्टर, एक इचारू? हे वाचलं तर कुटं जाईल?"

"फॉरेस्टवाले नेतील. पुढं मोठं झालं, जमलं, तर कळपात सोडतील."

"म्हंजी माज्याच रानात की."

मी काही बोललो नाही.

"सरकारची मालमत्ता म्हणतेत. ठीक हाय. माजी म्हस तुमच्या रानात शिरली तर तुमी माज्याकडं येताव. सरकारची जनावरं माज्या रानात शिरल्यावर म्या कुनाकडं जावं? आन् माज्याच शेळीचं दूध पिऊन ते उंद्या माजंच सोयाबीन खानार. तुमी शिकलेले हाव, सांगा, ह्यात न्याय कंचा?"

न्याय कंचा, हे मला सांगता आलं नाही. मी जे सांगू शकत होतो ते सगळं पोकळ होतं. एका पाडसानं कळप वाढत नाही, हे खरं. पण मग एका पाडसासाठी एवढं कशाला, हा त्याचा उलटा प्रश्न तयारच होता. काळवीट नाहीसं झालं तर माळाचं नुकसान, हेही खरं. पण माळाचं नुकसान सगळ्यांचं आणि सोयाबीनचं नुकसान एकट्या तात्यांचं. शहरातला माणूस म्हणतो वन्यप्राणी आपल्या सगळ्यांचे आहेत. सगळ्यांचे, पण चरायला तात्यांच्या रानात.

माझ्यापाशी एकच गोष्ट होती, आणि ती युक्तिवाद नव्हती. ते पाडस माझ्या समोर होतं. बत्तीस वर्षं मी समोर आलेल्या जनावराला 'तू कशाला जगतोस' असं विचारलं नव्हतं. मालक विचारायचा, मी नाही. माणसाचा डॉक्टर चोराचीही जखम शिवतो. पण चोराची जखम शिवून तो त्याच्या हातात शेजाऱ्याच्या घराची किल्ली देत नाही, हे मलाही कळतं. आणि समोर आलेल्याचं बघायचं हा माझा नियम असेल, तर तात्याही माझ्या समोरच उभे होते की. त्यांची जखम जाळीच्या आत नव्हती एवढंच.

मी त्यांना म्हणालो, दुधाचे पैसे रोज देतो. ते म्हणाले, "दुधाचं घेईन. पाडसाचं काय म्हणनार न्हाई." म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. त्या सालापासून पेरणीनंतरचे पंधरा-वीस दिवस रात्रीची राखण आम्ही वाटून घेतो. पत्र्याचा डबा, बॅटरी, आणि खोकला. एक रात्र ते, एक रात्र मी. तात्या याला भरपाई म्हणतात. मी काही नाव दिलेलं नाही.

पाडस एकोणीस दिवस राहिलं. नाव ठेवलं नाही. नातीनं ठेवलं होतं, मी वापरू दिलं नाही, ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला यात कठोरपणा करावासा वाटला त्याला कारण आहे, आणि ते पुराणातलं आहे. सप्त्यात एक रात्र हमखास जडभरताचं आख्यान निघतं. भरत राजा राज्य सोडून गंडकीच्या काठी तप करायला बसतो. गाभण हरिणी पाण्यावर येते, सिंहाची गर्जना ऐकून उडी घेते, पिल्लू पाण्यात पडतं, हरिणी मरते. राजा पिल्लू उचलतो, वाढवतो, त्याच्यात गुंततो. ते जरा लांब गेलं की याचा जीव कासावीस. मरताना डोळ्यांपुढं देव नाही, हरीण. म्हणून पुढचा जन्म हरणाचा. कीर्तनकार सांगतात, बघा, एवढा तपस्वी पण मोहानं बुडाला.

मला हे निरूपण कधी पटलं नाही. मोहात बुडू नये म्हणून वाहत्या पाण्यातलं पिल्लू बघत बसायला पाहिजे होतं का? तसलं तप घेऊन करायचं काय? मला वाटतं भरताचं उचलणं बरोबर, पण पिल्लाला पाय फुटल्यावर ते कुणासाठी तिथं राहिलं, हा प्रश्न त्यानं विचारला नाही. आख्यानात सगळी काळजी भरताची आहे. हरणाला काय पाहिजे होतं, ते कळपाचा आवाज ऐकून कान टवकारायचं का, हे कुणी सांगत नाही. माझ्या शेडातल्या पाडसाला दहाव्या दिवशी माझ्या चपलेचा आवाज ओळखू यायला लागला होता. माझ्या छातीत बरं वाटलं आणि त्याच क्षणी भीती वाटली. चपलेच्या आवाजाकडं येणारं काळवीट माळावर आठ दिवस टिकणार नाही. दुसऱ्या दिवसापासून मी अनवाणी जायला लागलो, बाटली जाळीच्या फटीतून, तोंड फिरवून.

अमेठीच्या मोहम्मद आरिफची बातमी २०२३ च्या मार्चमध्ये सगळ्यांनी बघितली. शेतात पाय मोडलेला सारस त्याला सापडला, त्यानं बरा केला, मोकळा ठेवला, तरी सारस गेला नाही. त्याच्या मोटारसायकलच्या मागं उडायचा. वनखात्यानं तो पक्षी अभयारण्यात नेला, मग कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात. आरिफ भेटायला गेला तेव्हा पिंजऱ्यातला सारस उड्या मारायला लागला. आमच्याकडं सगळे खात्याला शिव्या देत होते. मी दोन्ही बाजूंनी तुटत होतो. कायदा कोरडा आहे, पण आपल्यावर माया करणारं रानातलं जनावर हवंहवंसं वाटतं तिथंच भरत राजाची वाट सुरू होते, हे कायद्याला माहीत आहे. आणि तरीही, जो पक्षी मोकळा असून जवळ राहिला, त्याला पिंजऱ्यात घालून कसलं रानपण वाचवलं? आरिफनं त्याला बांधलं नव्हतं. भरतानं तरी कुठं बांधलं होतं म्हणा. त्या प्रकरणात मी अजून कुणाच्या बाजूनं नाही.

मोठी कामं वेगळी असतात. हेमलकशाला प्रकाश आमटेंचं प्राण्यांचं अनाथालय आहे. त्याची सुरुवात सगळ्यांना माहीत आहे: शिकारीहून येणारे माडिया, काठीला बांधलेली मेलेली माकडं, आणि मेलेल्या आईला पीत असलेलं पिल्लू. आमट्यांनी तांदूळ देऊन पिल्लू घेतलं. या गोष्टीत मला तांदूळ महत्त्वाचा वाटतो. त्यांनी माडियांना शिकार पाप आहे असं ऐकवलं नाही. भुकेला तांदूळ दिला आणि पिल्लू मागितलं. आमच्या बाजूला बीड जिल्ह्यात, शिरूर कासार तालुक्यातल्या तागडगावला, सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे हे दांपत्य 'सर्पराज्ञी' चालवतं. जखमी साप, पक्षी, हरणं, सगळे. त्यांच्या मानानं माझं शेड म्हणजे एसटी स्टँडवरचा बाक. कुणी रात्र काढतं, कुणाची गाडी येते, कुणी बाकावरच मरतं. निम्मे मरतात, हे सांगायला पाहिजे. फोटोत वाचलेलेच असतात.

आणि फटाके. बाहेरचे लोक मला हटकून विचारतात, तेरखेड्यात राहून पक्षी वाचवताय, मग गावाला फटाके बंद करायला का सांगत नाही? दिवाळीच्या रात्री घुबडं भिंतीवर, तारांवर आदळतात, सकाळी पोरं घेऊन येतात, हे खरंच आहे. पण माझा पुतण्या फटाक्याच्या कारखान्यात कामाला आहे. गावातल्या कितीतरी बाया वाती वळून घर चालवतात. त्यांची भाजलेली बोटं मी बघितलीत, आणि स्फोटाचा आवाज आल्यावर 'कुणाचं शेड?' म्हणून पळणारं अख्खं गावही. या कामाला उद्या दुसरं चांगलं काम सापडलं तर पहिला पेढा मी वाटीन. तोवर घुबडाच्या पंखाकडं बोट दाखवून त्या बायांपुढं उभं राहणं मला जमणार नाही. मी दिवाळीच्या आधी शेडाच्या जाळीला आतून गोधड्या लावतो. पुतण्याच येऊन लावू लागतो.

परवाच्या दिवाळीत आलेलं घुबड महिनाभर राहिलं. पंखाचं हाड मोडलं नव्हतं, मार होता. वनरक्षक येऊन बघून गेला, म्हणाला, उडायला लागलं की इथंच सोडा, ते इथलंच आहे. ही बातमी तात्यांना लागली. हरभऱ्यात उंदरांनी बिळं केली होती आणि घाटेअळीसाठी कृषीवाल्यांनी पक्षीथांबे लावायला सांगितले होते. तात्या संध्याकाळी आले ते बांबू घेऊनच. "डॉक्टर, ह्येला माज्या रानात सोडा. हितलं भाडं काढून घेतो त्याच्याकडून."

आम्ही रानाच्या मधोमध टीच्या आकाराचे चार थांबे रोवले. दिवस मावळल्यावर खोकं उघडलं. घुबड बराच वेळ आतच बसलं, मग कडेवर आलं, मान फिरवून एकदा आमच्याकडं आणि एकदा माळाकडं बघितलं, आणि पंखांचा आवाजसुद्धा न करता येरमाळ्याच्या अंगाला निघून गेलं. थांब्यांकडं ढुंकूनही बघितलं नाही.

तात्या अंधारात बराच वेळ त्या बाजूला बघत राहिले. मग म्हणाले, आणखी दोन थांबे लावतो, हरभरा निघूस्तवर बघू.